विषय : पाण्याची वेळ

आमच्या बोळात मराठी शाळेत गेलेली मी एकटी,
म्हणून अर्ज माझ्याकडे.
बॉबिनच्या खोक्यावर फळी, फळीवर कागद,
डावीकडे दोन बोटं समास.
प्रति, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका.
विषय : पाण्याची वेळ बदलणेबाबत.

नरसव्वा चिलवेरी मांडीवरचं सूप न हलवता सांगते,
पान, तंबाखू, दोरा,
पान, तंबाखू, दोरा,
पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री अडीचला,
भरून होईस्तोवर चार,
आणि सकाळी कारखान्यात डुलकीतल्या विड्या
बरोबर ओळखून बाजूला टाकतात.
"निद्र लेदु," म्हणते. "अदि राय."
झोप नाही, ते लिही.

मी लिहिते, निद्रा.
आमच्या घरात मिठाइतका रोजचा शब्द
मराठीत उतरला की शालू नेसून का बसतो
कळत नाही. खोडवतही नाही.

राजेशम म्हणतो, आधी नळातून वारा येतो, फुस्स करून,
मीटर बसवलं की वाऱ्याचंही बिल लावतील.
शमशादबी म्हणते, मोटर लावणाऱ्यांचं नाव नको,
माझ्या पोरीला दवाखान्यात नेलं ते त्यांच्याच रिक्षानं.
मग ते वाक्य मी असं लिहिते :
काही ठिकाणी दाब कमी आहे.

सोमवारी इंद्रभुवनात आम्ही तेवीस जण.
खिडकीतले सुरवसे चष्म्यावरून बघतात,
"कुठं एवढे जण येऊलालाव?
एकत्र तक्रार चालत न्हाई ओ. ज्याची त्याची वेगळी आणा."

म्हणजे तेवीस अर्ज.
कधी लिहायचे? पाण्याच्या रात्री. तशी सगळी जागीच होती.
खांबावरचा दिवा बंद, तोही एका अर्जात आलाच.
रिकाम्या घागरींच्या रांगेमध्ये मी,
मोबाईलची बॅटरी धरून कोणाचं तरी पोरगं.
विषय एकच, पण वेगळं लिहायचं म्हटल्यावर
प्रत्येकाला काहीतरी वेगळंच आठवायला लागलं.
कोणाला गटार, कोणाला सासू,
इरप्पा मास्तरांना फक्त एवढंच विचारायचं होतं
की सत्त्याण्णव साली दिलेल्या अर्जाचं काय झालं.
त्यांनी पोचपावती आणली होती. प्लास्टिकमध्ये.
शाई उडालेली, शिक्का तेवढा जांभळा.

अडीचला फुस्स झालं.
सतरावा अर्ज अर्ध्यावर ओला झाला.

सुरवसे एकेक उलटत गेले.
"निद्रा? ही अर्ज हाय का कीर्तन?"
मी गप्प. नरसव्वाही गप्प, तिचा अंगठा
हवेतच दोरा गुंडाळत होता.
मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले,
लाल होते.
"आमच्याकडं साडेतीनला येतंय," म्हणाले,
आणि ठोकले शिक्के. तेवीस.
टेबलावरचा चहा प्रत्येक ठोक्याला थोडा सांडत होता.

त्यानंतर दोन पाळ्या तशाच गेल्या.
पेपरात उजनी भरल्याचा फोटो आला,
राजेशमनं तो मागाच्या खांबाला चिकटवला.

तिसऱ्या पाळीला पाणी आलं अकरा वाजता.
कोणाला सांगितलं नव्हतं.
अडीचचा गजर लावून बोळ आडवा झाला होता,
आणि उघडे नळ आपले वाहत राहिले,
पायऱ्यांवरून, इरप्पा मास्तरांच्या चपला घेऊन,
थेट गटारापर्यंत.

गजर झाला तेव्हा नळात वारा.
बायका घागरी घेऊन उभ्या, ओल्या फरशीवर,
कोणाला शिव्या द्याव्यात ते ठरेना.
शमशादबीनं मोटरवाल्यांचं दार वाजवलं,
त्यांनी दोन-दोन घागरी दिल्या सगळ्यांना.

नरसव्वा सगळ्यात शेवटी आली,
गालावर गोधडीच्या टाक्यांचा ठसा.
तिला गजरही ऐकू आला नव्हता.
रिकामी घागर कडेवर घेऊन
जरा वेळ नुसती उभी राहिली, आणि लाजून हसली.

सकाळी परत खोक्यावर फळी.
विषय : पाण्याची बदललेली वेळ कळविणेबाबत.
संदर्भ : आमचेच तेवीस अर्ज.
महोदय,
त्या रात्री आमच्या बोळात

इथपर्यंत लिहून झालंय.